कोच डनलेव्हींचा पट्टा

टोलेडो, ओहायो
जानेवारीचा तिसरा मंगळवार

तीर्थस्वरूप आर्व्हिडदादास,

धाकट्या लायलचा टोपी काढून आणि (बर्फावर जेवढे वाकता येते तेवढे) वाकून नमस्कार. तुझा गुडघा, वहिनींचा खोकला आणि ती तिसऱ्यांदा गाभण राहिलेली तपकिरी गाय, या तिघांचीही प्रकृती आता सुधारली असेल, अशी आशा करतो. (वहिनींना गायीच्या शेजारी बसवले म्हणून राग मानू नये, क्रम गोठ्यापासूनच्या अंतरानुसार लावला आहे.) नोरीन आणि मुली मजेत आहेत. मी मजेत नाही. गेले पंधरा दिवस मी एका खुर्चीत सलग दहा मिनिटे बसलेलो नाही. हे पत्रसुद्धा स्वयंपाकघर, गॅरेज आणि गाडीचे बॉनेट अशा तीन ठिकाणी लिहिले जात आहे. कारण नीट समजावे म्हणून पहिल्यापासून, क्रमवार सांगतो.

तुझ्या सगळ्या गावाला वाटते की मी टोलेडो हेरन्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघात चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंचा प्रशिक्षक आहे. आठवड्यातले सहा दिवस ते खरेही आहे. परंतु सामन्याच्या दिवशी माझे खरे काम वेगळे असते, आणि ते अकरा वर्षांत मी तुला कधी धड सांगितलेले नाही. मुख्य प्रशिक्षकाने खेळ चालू असताना कडेची पांढरी रेघ ओलांडून मैदानात पाऊल टाकायचे नसते. टाकले, आणि त्यातून एखाद्या पंचाला धडकला, तर संघाला पंधरा यार्डांचा दंड होतो, म्हणजे चेंडू तेवढा प्रतिस्पर्ध्याच्या फायद्याच्या बाजूला सरकवतात. आता आमचे कोच डनलेव्ही हे एरवी चर्चमध्ये सर्वांत मागे बसणारे, मुलींच्या वाढदिवसाला स्वतः केक घेऊन येणारे गृहस्थ आहेत. पण सामना सुरू झाला की त्यांच्या पायांचा त्यांच्या डोक्याशी असलेला संबंध तुटतो. म्हणून प्रत्येक संघात असतो तसा आमच्याकडेही एक माणूस कोचच्या पाठीमागे उभा राहून त्यांचा कमरेचा पट्टा धरून ठेवतो आणि ते पुढे झेपावले की मागे ओढतो. तो माणूस मी. तू बैलाची वेसण कशी धरतोस, हे लहानपणी बारा वर्षे पाहिल्याचा मला फार उपयोग झाला. पकड तळहाताने नव्हे, चार बोटांनी धरावी. अंगठा मोकळा ठेवावा. कोच डावीकडे वळले की आपण आधी डाव्या पायावर भार घ्यावा. याची मी एक छोटी पुस्तिकाही तयार केली आहे, आकृत्यांसह. (अद्याप कोणी मागितलेली नाही.)

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टॅकोमाच्या संघातल्या एका गृहस्थांनी नोरीनच्या भावाला मासे पकडता पकडता सहज विचारले की, तुझा मेहुणा आक्रमणप्रमुख व्हायला तयार होईल का? मोसम चालू असताना दुसऱ्या संघाच्या माणसाशी नोकरीचे बोलायचे नाही असा आमच्या धंद्यात कडक नियम आहे. त्यामुळे कोणी कोणाशी बोलत नाही. सगळे सगळ्यांच्या मेहुण्यांना सहज विचारतात. आक्रमणप्रमुख म्हणजे काय, ते एका वाक्यात सांगतो: संघाने कोणता डाव खेळायचा हे तो ठरवतो, आणि त्याचा हात कोणाच्याही पट्ट्यात नसतो. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, दादा. माझ्याकडे डावांच्या नऊ वह्या भरलेल्या आहेत, आणि त्यातला एकही डाव आजवर माणसांनी खेळलेला नाही. मी मेहुण्याला हो म्हणून टाकले. मला मुलाखतीसाठी सोडावे असे टॅकोमाचे औपचारिक विनंतीपत्र मोसमातला शेवटचा सामना झाल्यावर, सोमवारी सकाळी, थेट कोचच्या टेबलावर येणार होते. म्हणजे त्याआधी त्यांना माझ्या तोंडून कळायला हवे होते.

इथे तुला चुंबकांविषयी सांगणे भाग आहे. कोचच्या खोलीत एक मोठा पांढरा फळा आहे, त्यावर आम्हा सोळा सहायकांच्या नावांची सोळा चुंबके आहेत. तीन वर्षांपूर्वी बचावफळीचा प्रशिक्षक प्रुइट हा फीनिक्सला बढतीवर निघून गेला. कोच त्याला एक शब्द वाईट बोलले नाहीत. फक्त त्याचे चुंबक फळ्यावरून उचलून जेवणघरातल्या फ्रिजवर लावले, आणि तेव्हापासून प्रुइट रोजच्या जेवणाची यादी धरून उभा आहे. गुरुवारी यादी वाचताना कोच हटकून म्हणतात, “बघू, फीनिक्सवाले आज काय वाढतायत!” मी अकरा वर्षे ज्या माणसाचा पट्टा धरला, त्याच्या फ्रिजवर वाटाण्याचे सूप धरून उभे राहण्याची कल्पना मला सहन होईना.

मी पद्धतशीर माणूस असल्यामुळे प्रयत्नही पद्धतशीर केले. बुधवारी न्याहारीच्या वेळी म्हटले, “कोच, मला जरा भविष्याबद्दल बोलायचं होतं.” ते म्हणाले, “बोल ना! रविवारी ओमाहाचा संघ पहिल्या डावाला डावीकडून येणार की उजवीकडून?” शुक्रवारी त्यांच्या गाडीत बसून पुन्हा सुरुवात केली, तर ते म्हणाले, “लायल, तुझ्यासारखी माणसं आता निघत नाहीत रे,” आणि मला पोलिश बेकरीतला गुलकंदी डोनट घेऊन दिला. तो डोनट माझ्या घशाखाली उतरायला शनिवार उजाडला. तेव्हा मी आठवडाभराच्या नोंदी काढून बसलो आणि असा निष्कर्ष काढला की हा माणूस फक्त एकाच वेळी गप्प आणि स्थिर उभा असतो: प्रतिस्पर्धी संघाने खेळ थांबवून घेतलेल्या अर्ध्या मिनिटात. मी एका कार्डावर तीन वाक्ये लिहिली, घड्याळ लावून वाचली (एकोणीस सेकंद, भावनेसाठी चार सेकंद राखीव), आणि कार्ड कोटाच्या खिशात ठेवले.

रविवारी शेवटचे नऊ सेकंद उरले असताना आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. जिंकलो तर बाद फेरीत, हरलो तर घरी. चेंडू ओमाहाकडे होता, पण खांबांपासून इतका लांब की तिथून लाथ मारून गुण मिळवणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी खेळ थांबवला. कोच स्थिर झाले. मी मनात म्हटले, हीच वेळ. परंतु थंडी अशी होती की हातमोजा काढणे, चष्मा लावणे आणि कार्ड उलगडणे ही तीन कामे एका हाताने होणे शक्य नव्हते. मी दुसरा हात सोडवला, केवळ क्षणभर. तेवढ्यात खेळ सुरू झाला, ओमाहाच्या एका खेळाडूने आमच्या माणसाची जर्सी मागून ओढली, पंचाने पाहिले नाही, कोचनी पाहिले. ते गेले, दादा. अकरा वर्षे ताणून धरलेली दोरी सुटावी तसे गेले, आणि कडेच्या पंचाला घेऊनच खाली पडले. पंधरा यार्ड. आता खांब जवळ आले. त्यांनी लाथ मारली, तीन गुण मिळवले आणि आम्ही एका गुणाने घरी आलो.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात अर्धे पान भरून छायाचित्र होते: पुढे आडवे पडलेले कोच, आणि मागे मी, हात हवेत, जणू कोणाला निरोप देतो आहे. (त्याच दुपारी टॅकोमाची बातमी फुटली, त्यामुळे छायाचित्राचा तो अर्थ सर्वांनाच सोपा गेला.) पेट्रोलपंपावरचा माणूस म्हणाला, “साहेब, झाकण घट्ट लावा हं, तुमच्या हातून सुटतं!” चर्चमध्ये एकमेकांना शांती चिंतून हात मिळवायची वेळ आली तेव्हा मिसेस कोवाल्स्कींनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, “बघा बाई, धरवतोय का.” कोच मात्र पत्रकारांना म्हणाले, “पाय माझे होते. पट्ट्याला काय विचारता?” सोमवारी त्यांनी विनंतीपत्र दोनदा वाचले, खिसे चाचपले आणि म्हणाले, “माझं पेन चालत नाहीये. तुझं दे.” मी माझे पेन दिले आणि त्यांनी माझ्या जाण्यावर सही केली. गेल्या गुरुवारी मुलाखत झाली, शुक्रवारी नेमणूक. फेब्रुवारीत आम्ही टॅकोमाला निघतो. चार लोक याला आनंदाची बातमी म्हणतात, म्हणून मीही तसेच कळवतो.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला ऊब दे.

तुझा,
लायल

ता. क. पत्राचा मूळ हेतू राहूनच गेला. कोचचा पट्टा आता कोण धरणार हा प्रश्न आहे. परवा बंदिस्त मैदानात चौघांची चाचणी घेतली. पहिला ओढला गेला, दुसऱ्याने टाळ्या वाजवायला हात सोडला, तिसऱ्याने दोनच बोटांनी धरला (त्याच्या मेहुण्याला कोणीतरी सहज विचारले आहे असे दिसते), आणि चौथ्याने इतका घट्ट धरला की कोचना ठसका लागला. तुझी मुले आता गोठा सांभाळतात. तू ऑगस्टपासून फक्त रविवारी येशील का? पुस्तिका सोबत जोडली आहे. आकृती सात नीट पाहावी.

ता. क. २. वर जे दोन हातांचे लिहिले आहे, ते मी त्या वेळी मानत होतो. नंतर उंचावरच्या कॅमेऱ्याची फीत चाळीस वेळा पाहिली. तीत असे दिसते की हातमोजा मी दातांनी काढला होता, चष्मा नाकावरच होता, आणि कार्ड डाव्या हातात उलगडलेले होते. उजव्या हाताला काहीच काम नव्हते. तो नुसता उघडला. सोमवारच्या बैठकीत कोच नेहमीप्रमाणे सबंध सामना डावागणिक मागेपुढे करून दाखवत होते; तो डाव आला आणि त्यांनी बटण दाबून पुढचे लावले. अकरा वर्षांत त्यांनी गाळलेला तो एकच डाव. मी तरी कुठे बसू, सांग.

ता. क. ३. तुझे नाव मी त्यांना आजच सुचवले. त्यांनी विचारले, “माणूस कसा आहे?” मी म्हणालो, “कोच, त्याला कुठेही जायचं नाहीये.” ते म्हणाले, “तूही पहिल्या दिवशी हेच म्हणाला होतास.” मग त्यांनी फळ्यावरून माझे चुंबक काढले. मी फ्रिजकडे पाहायचे टाळले. पण ते तिकडे गेलेच नाहीत. चुंबकावरचे माझे नाव अंगठ्याने घासून पुसले, माझेच पेन हातात घेतले, आणि तुझे नाव कसे लिहितात ते विचारले.