काचेमागचा हात

नागपूर, ४ ऑगस्ट २०२५

चि. मेघास,
आईचा जयभीम अन् आशीर्वाद.

तुमच्या रडार स्टेशनच्या गेटवर मोबाइल जमा करून घेतात, बाहेर रेंज नाही, म्हणून कागद खराब करून राहिली. तुझ्या बाबांनी मले पार पागल केलं! लकव्यानं उजवा हात गेला, वाचा गेली, पण हेका काही गेला नाही. ताट समोर ठेवलं की माझ्याकडे सरकवून देते. डाव्या हातानं पाटीवर रेघोट्या मारते, अन् मले वाचता नाही आलं की माझ्यावरच डोळे वटारते. धंतोलीचे डॉक्टर म्हणते, डोक्यावर परिणाम झाला असन. जेवलेच नाही तं नाकात नळी टाकू. मी का करू वं? ह्या माणसानं रडार-रडार करत जन्म घालवला, अन् तूही तिथंच जाऊन बसली!

तुझी कावलेली आई


समुद्रकाठ, ९ ऑगस्ट

ती. आईस,
मेघाचा सविनय जयभीम.

तुझं ओरडणं इथपर्यंत ऐकू आलं! आई, इथं स्टेशनच्या जुन्या फोटोंची एक खोली आहे. कॉम्प्युटर यायच्या अगोदर विमान कुठं आहे ते एका मोठ्या उभ्या काचेवर लिहीत. लिहिणारे काचेमागं, साहेब समोर. साहेबांले सरळ दिसावं म्हणून हे उलटं लिहायचे. एका फोटोत मिशीवाले आपले बाबा तेच करून राहिले! त्यांचा हात अजून काचेमागंच असन. पाटी आरशासमोर धरून पाह्य. अन् तोवर त्यांच्यावर चिडू नको वं माय.

लोभ आहेच, तो बाबांवरही असू दे.
मेघा


नागपूर, १४ ऑगस्ट

चि. मेघास,
अनेक आशीर्वाद.

आलमारीच्या आरशासमोर पाटी धरली. लिहिलं होतं, ‘तू जेवली का?’

रोज हेच विचारून राहिले होते, अन् मी रोज पुसून टाकत होती. मी जेवावं म्हणूनच ताट माझ्याकडे सरकवत होते. असा राग आला मले! चाळीस वर्षं हे मान खाली घालून जेवले, एकदा तोंडानं विचारलं नाही. विचारलं तेही उलटं! मग पदरानं डोळे पुसले, माझंही ताट वाढलं अन् त्यांच्यासमोर बसली. तेव्हा कुठं त्यांनी तोंड उघडलं.

दोन घास गेले नाही, तं पाटी मागितली. आता का, म्हणून पुन्हा आरशापाशी गेली. ‘भाजी आळणी.’

डॉक्टरले सांगून टाकते, डोकं शाबूत आहे तुझ्या बापाचं.

तब्येत सांभाळ, वेळेवर जेवत जा.
तुझी आई