शिड्यांच्या दुकानातलं पाचवं गिऱ्हाईक

तीर्थरूप मामास साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, म्हणून खुर्चीत बसूनच).

पत्रात मामाला 'तुम्ही' लिहितात, असं आई मागे उभी राहून बजावते आहे. पण तुला 'तुम्ही' म्हटलं की भलत्याच माणसाला लिहितोय असं वाटतं. तब्येत कशी आहे? निवृत्त झाल्यापासून तू दिवसभर गॅलरीत बसतोस आणि फोनवर नुसतं 'हं' म्हणतोस, त्यावरून आईने तुला दोन-तीन आजार ठरवून टाकले आहेत. मला विचारशील तर तू रुसला आहेस. कोणावर, ते तुलाही आठवत नसेल. संगणकावर तू चादर टाकली आहेस, म्हणून हा कागद.

तर तुझ्या लायब्ररीची नवी आवृत्ती काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. (आईसाठी खुलासा, कारण ती वाचते आहेच: ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे. वेबसाइट बनवणाऱ्यांना तेच तेच लिहावं लागू नये म्हणून मामाने लिहून ठेवलेला हा तयार कोड. ऑर्डरचा फॉर्म घ्यायचा, तपासायचा, पोच द्यायची. आणि हे सगळं नीट चालतं का ते बघायला मामाने सोबतच एक लुटुपुटीची वेबसाइट जोडून दिली आहे: शिड्या भाड्याने देणारं दुकान.) जगात इतक्या वस्तू असताना शिड्याच का, हे मी तुला कधी विचारलं नाही. कारकून, न्हावी, उंच बाई आणि विसरभोळा अशी तुझी चार खोटी गिऱ्हाइकं. चाचणी लावली की ती ओळीने येतात आणि शिडी मागतात. विसरभोळ्याचा पत्ता लिहायचा राहून जातो, तेव्हा दुकान त्याला म्हणतं, "काही हरकत नाही, आठवेल तेव्हा या." एरवी वेबसाइटी अशा माणसावर लाल अक्षरांत खेकसतात.

लायब्ररी अर्ध्या दिवसात ताळ्यावर आली, पण नव्या आवृत्तीत दुकान काही उघडेना. बटण दाबलं की कोरं पान. आमच्या प्रमुख बाई (यांना शब्द पुरवून वापरायची सवय आहे) म्हणाल्या, "सोमवारपर्यंत चाललं तर ठीक. नाहीतर काढून टाका." दुकान पाडलं हे तुला सांगायचं कोणी? आणि त्यावर तू 'हं' म्हणाला असतास, ते मला ऐकवलं नसतं.

म्हणून मी दुकानातच मुक्काम ठोकला. दुपारी ऑफिसात एसीची घरघर तेवढी असते आणि पडद्याच्या फटींतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्या टेबलावरून हळूहळू सरकत असतात. तुझ्या कोडची एकेक ओळ बदलत गेलो, तसतसा मला चक्क ओल्या लाकडाचा वास यायला लागला. कारकून दारात जोडे काढतोय, न्हावी शिडीच्या पायऱ्यांवरून बोट फिरवतोय, असं काहीबाही दिसायला लागलं. उंच बाईला शिडी लागतेच कशाला, याचा विचार करण्यात एक अख्खा चहा गार झाला. त्याच तंद्रीत मी सेटिंगमध्ये माझ्या मशीनचा पत्ता लिहायच्या जागी कंपनीच्या सार्वजनिक मशीनचा पत्ता लिहिला. म्हणजे तुझं खोटं दुकान एकदाचं उघडलं, पण भर जगात, आणि मला त्याचा पत्ताच नाही!

दुसऱ्या दिवशी चाचणी म्हणाली, गिऱ्हाइकं चार हवीत, पाच आहेत. ही कोडमधली चूक समजून मी दिवसभर त्या पाचव्याच्या मागे लागलो. सापडलं तेव्हा त्याच्या फॉर्मवर लिहिलेलं होतं, "वर्गाच्या छतावर आभाळ रंगवायचं आहे. ढगांपर्यंत पोचेल अशी शिडी हवी." मला वाटलं, ही तुझीच करामत, असं दुसरं कोण लिहिणार? इतका आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. पलीकडे एका शाळेच्या चित्रकलेच्या बाई होत्या, खऱ्याखुऱ्या. भाड्याची शिडी शोधता शोधता तुझ्या दुकानात आल्या होत्या, त्यांना आमच्या ऑफिसच्या नंबरासकट पोचही मिळाली होती, आणि आता शिडी कधी मिळेल एवढंच त्यांना विचारायचं होतं.

प्रकरण प्रमुख बाईंपर्यंत गेलं. आता आपली नोकरी गेली, असं धरून मी उभा राहिलो. त्या बराच वेळ तो फॉर्म वाचत होत्या. मग म्हणाल्या, "आधी शिडी पोचवा. मग ते दुकान बाहेरच्यांना बंद करा आणि लायब्ररीत आहे तसं राहू द्या." एका दमात इतकं बोलताना त्यांना आजवर कोणी ऐकलेलं नाही.

तेव्हा दुकान वाचल्यातच जमा आहे. काळजी नसावी, औषध वेळेवर घ्यावं.

तुझा धांदरट भाचा

ता. क. वाचल्यातच जमा म्हणालो, कारण शिडी नाही. आमच्या ऑफिसात खुर्चीवर चढतात. तुझ्या जिन्याखाली लाकडी शिडी आहे, ती देशील का? गुरुवारी सकाळी टेम्पो येईल.

आणखी ता. क. चित्रकलेच्या बाई वर चढल्यावर शिडी खालून धरायला माणूस लागेल. दुकानदार स्वतः येतात का, असं त्यांनी विचारलं होतं. येतात, असं मी कालच कळवून टाकलं आहे. मुलांनी, जिथे ढग येणार आहेत त्याच्या बरोबर खाली, तू उभं राहायची जागा खडूने आखून ठेवली आहे.