घरच्या भाषेचा फॉर्म

प्रिय लिंदा,

तुझ्या लेकीचा, यारेलीचा, प्रवेशाचा फॉर्म तू पाठवलास त्याला तीन आठवडे झाले. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंस, 'ताई, तूच भर. असल्या कामात माझं डोकं चालत नाही, तुला माहितीये.' पाच मिनिटांचं काम. तरी तो माझ्या टेबलावर कोराच पडलाय, आणि ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या आत ऑफिसात गेला नाही तर तुमचं ऑरेगॉनहून इकडे येणं लांबेल. तुला वाटत असेल, ताई आपल्याच जुन्या शाळेत मास्तरीण झाली आणि शेफारली. तसं नाही गं. माझा गोंधळ उडालाय, आणि तो तुला सांगितल्याशिवाय सुटायचा नाही.

शाळेला सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात पालकांची सभा होती. शाळेचा निकाल त्यांना स्पॅनिशमध्ये समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी किती उत्साहानं तयारी केली होती! भिंतीवर मोठा तक्ता लावला. एकेका गटाची एकेक ओळ: मेक्सिकोकडची मुलं, गरीब घरची मुलं, हंगामी मजुरांची मुलं, इंग्रजी शिकत असलेली मुलं; आणि पुढे गणितात शंभरात किती पास, वाचनात किती. मला वाटायचं, आकडे एकदा समजले की आपली माणसं हक्कानं प्रश्न विचारतील. त्यांनी विचारलेही. द्राक्षमळ्यात काम करणारा फिदेन्सियो टोपी हातात धरून उभा राहिला. 'मास्तरीणबाई, माझी पोरगी यातल्या कुठल्या ओळीत?' मी बोट ठेवत गेले. ती चारही ओळींत होती, आणि चारही ओळींचे आकडे पडलेले. तो बघतच राहिला. 'एकच पोरगी, आणि चार-चार ठिकाणी नापास?' सगळे हसले. मीही हसले.

इंग्रजी शिकणाऱ्यांची ओळ सगळ्यांत खाली. मी सांगितलं, ज्यांना इंग्रजी चांगलं यायला लागतं त्यांना या गटातून काढतात. आमा पुढच्याच रांगेत होती, फळांच्या पॅकिंगमधून थेट आलेली, पीचची लव चिकटलेले हात खाजवत. पोटच्या लेकीला सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, 'म्हणजे चांगली फळं वेचून घ्यायची आणि उरलेल्या पेटीला नावं ठेवायची, होय गं? एवढं शिकायला युनिव्हर्सिटीत गेली होतीस?' तिचं काय चुकलं, ते मला अजून सापडलेलं नाही.

तक्त्याच्या तळाशी घरात बोलल्या जाणाऱ्या भाषा होत्या. स्पॅनिश चारशेच्या वर. आपल्या गावाकडच्या मिस्तेको भाषेसमोर आकडाच नाही, नुसती चांदणीची खूण. दहापेक्षा कमी मुलं असली की चांदणी टाकतात. लिंदा, माझ्या एकट्या वर्गात अकरा मुलं आहेत. मधल्या सुट्टीत भांडताना ती आपल्याच भाषेत भांडतात, मी ऐकते ना. मग ही अकरा मुलं गेली कुठं?

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या लुंडीबाईंकडून त्या अकरांतल्या फिदेन्सियोच्या मुलीचा फॉर्म काढून घेतला. घरची भाषा, स्पॅनिश. बाकीच्या दहांच्या फॉर्मवरही तेच. ऑफिसच्या त्या खिडकीपाशी उभं राहिलं की आपल्या माणसांच्या तोंडून तेच निघतं. लुंडीबाई म्हणाल्या, 'तुम्हा दोघी बहिणींचेही असतील मागच्या खोलीत. मी काही फेकत नसते.' आणि शोधून आणलेच.

तुझ्या फॉर्मवर माझं अक्षर आहे. तेराव्या वर्षीचं, गोल, कागद फाटेल इतकं दाबून लिहिलेलं. खाली आमाची सहीऐवजी फुली. 'मुलगी पहिल्यांदा कोणती भाषा बोलायला शिकली?' यापुढे मी स्पॅनिश लिहिलंय. आठवतं, रांगेत आपल्या मागे सिनालोआकडच्या, स्पॅनिश बोलणाऱ्या त्या दोघी होत्या, आपण ओआहाकाच्या म्हणून बसमध्ये 'ओआहाकिता, ओआहाकिता' हिणवत आपल्या वेण्या ओढणाऱ्या? त्यांना दिसू नये म्हणून मी कागदावर हात धरला होता, आणि तरीही खरं लिहायचा धीर झाला नाही. माझ्या स्वतःच्या फॉर्मवरही तेच लिहिलं. माझं बिघडलं नाही. मी गावी सहा वर्षं शाळेत गेले होते, मला स्पॅनिश येत होतं. तू आजीबरोबर बकऱ्यांमागे असायचीस. तुला कुठं येत होतं?

फॉर्मला, त्या उत्तरावरून घेतलेल्या तुझ्या स्पॅनिश चाचणीचा कागद टाचलेला आहे. चित्रं दाखवून नावं विचारायची. वीसच्या वीस चौकटी रिकाम्या, आणि खाली एक शेरा: मुलीला कोणतीच भाषा धड येत नाही. त्या संध्याकाळी तू मला सांगितलं होतंस, 'ताई, मी सगळी नावं सांगितली. बकरी, विहीर, घागर, पाऊस. ती बाई नुसती मान हलवत होती.' मी हसले होते. वेडी म्हणाले होते तुला. त्या शेऱ्यावरून तुला कोपऱ्यातल्या वेगळ्या वर्गात बसवलं, तीन वर्षं चित्रं रंगवायला लावली. दहावीत तू शाळा सोडलीस. आमा अजून सगळ्यांना सांगते, 'एकीला देवानं डोकं दिलं, एकीला हात,' आणि मी ते ऐकून घेत आले. माझ्या पदवीच्या दिवशी सगळ्यांत मोठे फुगे तूच आणले होतेस.

मी खरं लिहिलं असतं, तर तुझं भलं झालं असतं का? कळत नाही. तुझी चाचणी मिस्तेकोमध्ये घ्यायला तेव्हा होतं तरी कोण? आणि आता यारेली. ती फोनवर आमाशी मिस्तेकोत बोलते, ते खरं लिहिलं तर पोरगी कदाचित त्या खालच्या ओळीत जाऊन बसेल. 'इंग्रजी' लिहिलं तर सुटेल, पण त्या अकरांसारखी तीही बारावी होऊन चांदणीमागे नाहीशी होईल. इतकी शिकले, तक्ते समजावते, आणि इथं माझं पेन अडतं. पण एक नक्की. तुझ्या वतीनं मी एकदा लिहिलंय, पुन्हा लिहिणार नाही. फॉर्म कोराच परत पाठवतेय. सोबत तुझ्या त्या चाचणीच्या कागदाची नक्कल आहे. आधी ती घे. वीस चौकटींत तू त्या दिवशी आपल्या भाषेत सांगितलेली नावं लिही, आठवतील तेवढी, कानाला लागतात तशी. मग यारेलीचा फॉर्म भर, तुला पटेल तसा. तू जे लिहिशील ते मी स्वतः खिडकीशी नेऊन देईन, हात न झाकता. तुझं डोकं चालतं, लिंदा. त्या दिवशीही चालत होतं.

तुझीच, आणि तुझी अपराधी,
ओदिलिया