घोडीच्या पाठीवरचा कोरडा डाग

३ जानेवारी, सोमवार

पहिला दिवस. खोगिराला हातसुद्धा लावू दिला नाही!

सकाळी सात ते दुपारी दोन, नुसत्या पाठी. एकवीस घोडे, एकवीस पाठी. मावशी म्हणाल्या, "डोळे मीट. तळवा सपाट ठेव. मानेपासून कमरेपर्यंत जा. काय लागलं ते सांग." मी म्हटलं, "घोडा लागला." हसल्या नाहीत.

मावशी नात्याने कुणाच्याच नाहीत, पण सगळा तबेला त्यांना मावशीच म्हणतो. सदुसष्ट वर्षांच्या आहेत. एकतीस वर्षं हाच धंदा – घोड्याच्या पाठीला बरोबर बसेल असं खोगीर करून देणं. बोलणं असं की समोरच्याने पाणी मागू नये. पण त्या जवळ गेल्या की घोडे कान सैल सोडतात. मी गेले की ताठ!

घरी वहिनी म्हणाली, "इथे माणसांचे ब्लाउज धड बसत नाहीत, आणि ही निघाली घोड्यांची मापं घ्यायला!" दादाही हसला. मग म्हणाला, "सहा महिने. नाही जमलं तर मुकाट दुकानात परत ये." दुकान म्हणजे त्याचं सोफ्याच्या कव्हरांचं. सोळा वर्षं शिवली मी तिथे. चांगली शिवली. पण सोफा कधी सांगत नाही की इथे टोचतंय.

एकोणचाळिसाव्या वर्षी शिकाऊ! असू दे.

४ जानेवारी

दंड भरून आलेत. पुन्हा एकवीस पाठी.

२२ जानेवारी, शनिवार

आज पहिल्यांदा काहीतरी कळलं!

काळ्या घोड्यावर हात फिरवत होते, आणि वाटलं, डावीकडे जास्त आहे. पुन्हा फिरवला. तसंच. मावशींना सांगितलं, "याचा डावा खांदा उजव्यापेक्षा भरलेला आहे."

"किती?"

"बोटभर."

त्यांनी आपला हात नाही लावला. मापाची पट्टी लावली – शिशासारखी वाकते आणि वाकली तशीच राहते. कागदावर दोन्ही बाजू उतरवल्या. "अर्धं बोट," म्हणाल्या. "पण आहे खरं."

एवढंच. मी घरी चालत आले की तरंगत, आठवत नाही.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

आता खोगिरं उघडायला मिळतात. आतमध्ये एक कडक सांगाडा, आणि खाली दोन लांबट गाद्या, लोकर भरलेल्या. सगळा भार त्या दोन गाद्यांवर. मधे मोकळी जागा सोडायची, कण्याला काही म्हणजे काही टेकता कामा नये. खांद्याच्या हाडालाही पुढेमागे व्हायला वाव हवा.

ऐकायला सोपं. लोकर सळईने सारायची, एकसारखी, ना ढिली ना घट्ट. आज माझी एक गादी तीनदा उसवायला लावली. तिसऱ्यांदा रडू आलं. मावशींनी पाहिलं असणार, पण पाठ करून दोरा ओवत बसल्या. दोरा काही सुईत जाईना. बराच वेळ. शेवटी सुई माझ्यापुढे धरली – "दे ओवून, आणि मग उसव."

निघताना म्हणाल्या, "जो घोडा चावतो तो निदान सांगतो तरी. सोसणाऱ्याकडे जास्त बघत जा."

२९ मार्च

भरलं. उसवलं. भरलं. उसवलं. भरलं – "राहू दे."

राहू दे म्हणाल्या!!

३० एप्रिल, शनिवार

हे कुठेतरी लिहायलाच हवं.

आज मावशी आणि मी घोडेस्वारीच्या शाळेत गेलो होतो. तिथे एक तांबूस घोडी आहे, चिडकी म्हणतात तिला. पट्टा आवळायला गेलं की दात विचकते. परवा एका बाईंना पाडलं, मनगट मोडलं त्यांचं. शाळेचे सर म्हणाले, "पुरे झाले हिचे लाड. शुक्रवारी व्यापारी येतोय, देऊन टाकतो." हा व्यापारी कुठे नेतो, ते सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही.

मावशी सरांशी बोलत बाहेर उभ्या होत्या. मी तिचं खोगीर उतरवलं. नुकतीच फेरी मारून आलेली, पाठ घामाने चिंब. आणि डाव्या बाजूला एक कोरडा डाग. बशीएवढा. भोवती सगळं ओलं, तेवढंच कोरडं. म्हणजे तिथे इतकं दाबलं जातंय की घामसुद्धा येत नाही.

बोट टेकवलं. घोडीने पाठ अशी खाली टाकली की जणू चटका बसला.

खोगीर उलटं करून गादी चाचपली. आत गाठ. घट्ट, लिंबाएवढी.

ती गादी मार्चमध्ये मावशींनी स्वतः भरली होती.

खोगीर खुंटीवर ठेवलं आणि गाडीत जाऊन बसले.

१ मे, रविवार

वहिनीला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "तू गप्प राहिलीस तर तुला कोण विचारणार आहे?" मी म्हटलं, "कुणीच नाही." ती म्हणाली, "मग?" आणि माझ्याकडे बघतच राहिली. पहिल्यांदा चेष्टा केली नाही.

चार महिन्यांची शिकाऊ मी. बोलले तर हाकलतील. मग आहेच दादाचं दुकान.

उद्या बोलायचं. ठरलं.

२ मे, सोमवार

बोलले.

मावशी कातडं कापत होत्या. मी म्हटलं, "त्या तांबूस घोडीच्या खोगिरात गाठ आहे. डाव्या गादीत."

सुरी थांबली. "कुणी भरलीय ती?"

"तुम्ही."

"तुला शिकायला लागून किती दिवस झाले?"

"चार महिने."

"मला एकतीस वर्षं." आणि पुन्हा कापायला लागल्या. "झाडून घे."

झाडून घेतलं. पण शब्द मागे घेतला नाही.

३ मे

अवाक्षर नाही. घरी जा असंही म्हणाल्या नाहीत. मी दिवसभर झाडलं. झाडलेलंच पुन्हा झाडलं.

४ मे, बुधवार

सकाळी पोचले तर ते खोगीर टेबलावर. मावशी स्वतः जाऊन घेऊन आल्या होत्या.

"दाखव."

मी त्यांचा हात धरला – पहिल्यांदाच धरला – आणि गाठीवर ठेवला. त्यांनी बोटं फिरवली. इकडे. तिकडे. मग दोन्ही हातांनी.

"कुठाय?"

"तुमच्या बोटाखालीच आहे, मावशी."

त्यांनी गादी उसवली. लोकर बाहेर काढली. गाठ टपकन टेबलावर पडली. दोघी तिच्याकडे बघत बसलो. मग हळूच म्हणाल्या, "मला लागली नाही गं. खरंच लागली नाही."

किती दिवसांपासून, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. वर्ष, दीड वर्ष. आधी करंगळ्या बधिर झाल्या. त्यांना वाटायचं थंडीमुळे.

दुपारी सळई माझ्यापुढे सरकवली. दोन्ही गाद्या मी भरल्या. उसव म्हणाल्या नाहीत.

६ मे, शुक्रवार

व्यापाऱ्याची गाडी शाळेच्या फाटकात उभी. मावशी थेट सरांपुढे गेल्या. मला वाटलं, काहीतरी गोलगोल सांगतील. नाही. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक घोडीची नाही, माझी आहे. खोगीर मी वाईट भरलं. ते माझ्या या शिकाऊ बाईच्या लक्षात आलं. तीन आठवडे पाठीला आराम द्या, मग बघा."

सर चाट. "मावशी, तुम्ही? तुमच्याकडून?"

"हो, माझ्याकडून. पुन्हा सांगू?"

व्यापारी चहा पिऊन रिकाम्या गाडीने गेला. परतताना मावशी वाटभर खिडकीबाहेर बघत होत्या.

२८ मे, शनिवार

तीन आठवडे झाले. मी स्वतः खोगीर ठेवलं, पट्टा एकेक भोक करत आवळला. घोडीने मान वळवली. म्हटलं, गेला दंड! तिने माझी बाही हुंगली आणि मान परत सरळ केली. बस्स.

सर वर बसले. दोन फेऱ्यांनंतर तिने मान लांब केली आणि फुर्रर करून सगळं नाक झटकलं. उतरल्यावर पाठ बघितली – ओली. सगळीकडे सारखी ओली!

मावशी म्हणाल्या, "हं."

३० मे, सोमवार

मावशींनी पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं. गेल्या दोन वर्षांतल्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकच मजकूर: "मी भरलेली खोगिरं तपासल्याशिवाय घोड्यावर घालू नका. माझ्या बोटांना आता कळत नाही. माझ्याकडची बाई येईल. तिचा हात माझ्यापेक्षा बरा आहे."

मी थांबले. "मावशी, हे शेवटचं वाक्य—"

"लिही!"

त्रेसष्ट पाकिटं. प्रत्येकावर सही त्यांनीच केली, सावकाश. पहिल्या तबेल्यात उद्या सकाळी आठला जायचंय. एकटीने.