नळी बदलेपर्यंत

यशवंतपूर, बेंगळूर

चि. पद्मनाभास आईचा आशीर्वाद.

माझं बरं चाललंय. इथे सांबारातही गूळ घालतात, बाकी तक्रार नाही. तुझा गुडघा कसा आहे?

तुझा शंतनु रविवारी मुलगी बघायला येणार नाही. त्याच्यावर ओरडू नकोस. कारखान्यातल्या क्रेनच्या तपासणीत त्याला तेलाची नळी झिरपताना दिसली. तेलाच्या दाबावरच क्रेन वजन उचलते, म्हणून त्याने ती बंद केली. साहेब म्हणाले, “स्वल्पच गळतंय, सोमवारी बघ.” हा म्हणाला, “खाली माणसं असतात, सर.” आता नवी नळी रविवारी बसणार.

मुलगी त्याला आवडलीय. मोबाइलवर तिचा फोटो बघत बसतो, जेवणाकडे लक्ष नाही.

तिच्या वडिलांना खरं कारण सांग. गळतंय तरी चालू दे म्हणणारा जावई हवा असेल, तर त्यांनी खुशाल दुसरीकडे बघावं.

तुझी आई