तुमच्या मोरीतले अठ्ठेचाळीस एमबी

मु. पो. अंजूर
बुधवार

ती. बाळारामदादा यांस,
धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे केसरीनाथचा, शिरसाष्टांग नमस्कार.

कामतघरला तुम्ही व वहिनी खुशाल असालच. गुडघा कसा आहे? (आठ वर्षांपूर्वी सामाईक भिंतीवरून भांडताना दुखत होता, म्हणून विचारतो. त्यानंतर आपलं बोलणंच नाही.)

पत्रास कारण आमची क्षितिजा. नोकरीच्या मागच्या व्हिडिओ मुलाखतीत नेट अडकलं आणि साहेबांना ती सतरा मिनिटं तोंड उघडून बसलेली दिसली. सोमवारी अकराला शेवटची संधी आहे. म्हणून गावात नेट कुठे जोरात पळतं ते मोजायचं मी मनावर घेतलं. मोजायचं ॲप पोरीने दिलं, पण मोजणी म्हटल्यावर आपल्या अंजुरातली रीत कशी सोडणार? मी हद्दीला हद्द लागलेल्या सगळ्या लगतवाल्यांना नोटिसा वाटल्या, पंच बोलावले, आणि जिथे आकडा घेतला तिथे आमच्या आईने, आक्काने, चुन्याचा गोल काढला (तिला एक्याऐंशी लागलं, पण चुन्याचा हात अजून पक्का). ओटीवर दोन एमबी, गोठ्यात पाच, देवळामागे नऊ, तेही गोडाउनची शिफ्ट सुटेपर्यंत. माणसं बाहेर पडली की एक. चुना बघून मानकोलीच्या एका जमीन-दलालाने गाडी थांबवली आणि विचारलं, ‘ये गोल प्लॉट का भाव क्या है?’ त्याचीही पंच म्हणून सही घेतली.

शेवटी तुमचं बंद घर. आंबे काढायच्या झेल्यात फोन ठेवून मोरीच्या खिडकीतून आत धरला. अठ्ठेचाळीस! तीनदा मोजलं, तेवढंच. आनंद झाला आणि रागही आला. गावातलं सगळं नेट तुमच्याच वाट्याला का जावं? पण आक्का पंचनाम्यावर अंगठा देईना. म्हणाली, “लगतवाला न्हाय तं मोजनी खोटी हाय. बाळारामला बोलव.”

तरी आपण जातीने हजर राहावे.

आपला,
केसरीनाथ

ता. क. येताना किल्ली आणावी. क्षितिजाला मोरीतच बसवू, मागे चांगली चादर लावू.

ता. क. २ चौथ्यांदा मोजताना फोन झेल्यातून निसटून आत पडला. फोन क्षितिजाचा. कंपनीतून कॉल आला की फुल रेंजमुळे झकास वाजतो, उचलता येत नाही.

ता. क. ३ भिंतीच्या वेळी हद्दीचा चुना आक्कानेच वीतभर तुमच्या बाजूला सरकवून टाकला होता, हे तिने काल मला सांगितलं. तिला ते तुम्हाला स्वतःच्या तोंडाने सांगायचं आहे. मी लिहिल्याचं तिच्यापुढे बोलू नका.