खाणीखालची बाटली

१२ मार्च

चि. धाकटीस ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझ्या तिन्ही बाटल्या आज बसच्या ड्रायव्हरकडे दिल्या. चिठ्ठ्या चिकटवल्यात: वरचा झरा, खाणीखाली, शेताखाली. तू दाखवलंस तसंच केलं. दोन मिनिटं पायाने दगड ढवळले, खाली जाळी धरली, पांढऱ्या ताटलीत ओतून वळवळेल ते चिमट्याने उचललं. गुडघा माझा गेला, पगार तुझा. झुरळ दिसलं की खाटेवर चढून बोंबलणारी तू, आता पाणी तपासायच्या कचेरीत किडे मोजून पोट भरतेस!

खाणीखालचे दगड गंजल्यासारखे तांबडे झालेत. शेताखाली लोक फवारणीचे पंप धुतात, तिथे नुसतं हिरवं बुळबुळीत. सुनेला सातवा लागलाय. ओढ्याचं पाणी प्यायची सोय नाही, टँकर एक दिवसाआड येतो म्हणून निभतंय. वरचा झरा लांब आणि धार बोटाएवढी.

पत्राला उशीर केलास तर याद राख. माया आहेच.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

ताई, आनंदाची बातमी. खाणीखालच्या बाटलीत आठ जातींचे जीव निघाले. त्यातले दगडाला चिकटणारे चपटे किडे तर पाणी जरा बिघडलं की आधी मरतात. ओढा सुधारला, असा अहवाल साहेबांनी पाठवला आणि परवापासून तुमचा टँकर बंद झाला.

त्याच बाटलीतल्या पाण्याचा आंबटपणा मात्र यंत्रावर अजून जास्त येतोय. साहेब म्हणतात, यंत्र जुनं आहे, किडे खोटं बोलत नाहीत. नियमाने पाण्यात मीच उतरायला हवं होतं. मीच गोळा केले अशी सहीही माझीच आहे. सगळे किडे खाणीखालचेच होते ना? सहज विचारते.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.
धाकटी

७ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

सरळ लिहिते. खाणीखाली काहीच निघालं नाही. तीनदा ढवळलं, डासाचं पिल्लूसुद्धा नाही. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, हाताला सवय. वाटलं, रिकामी बाटली पाहून साहेब म्हणेल बाई पाण्यात उतरलीच नाही, आणि तुला बोलणी बसतील. म्हणून झऱ्यातले मूठभर त्यात टाकले. किड्यांची एवढी वट असते हे मला कुठे ठाऊक? तू जाळी धरायला शिकवलंस, कशासाठी ते सांगितलं नाहीस. पण अक्कल माझीच गेली.

लोक आता ओढ्याचं पाणी भरतात. सून ते दोनदा प्यायली, मग मला कळलं. हे पत्र साहेबाच्या तोंडावर टाक. टँकर आण.

रागावलीस तरी आपलीच समज.
ताई

१९ एप्रिल

ती. ताईस सा. न.

पत्र दाखवलं. साहेब म्हणाले, घरच्या पत्रावर अहवाल बदलत नाही. मग सही खोटी होती, मी ओढ्यावर गेलेच नव्हते, असं लिहून दिलं. ते लिहायला चार दिवस लावले, ताई. नोकरीची भीती वाटली. त्या चार दिवसांत तुम्ही तेच पाणी पीत होतात.

मला घरी बसवलंय. नवी मोजणी पावसाळ्यानंतर, दुसरा माणूस करील. तोवर जुनाच अहवाल धरायचा म्हणे. ओढ्याचं पाणी कुणाला पिऊ देऊ नकोस.

चुकले मी, पण दूर लोटू नकोस.
धाकटी

२६ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

चार दिवसांचं काय घेऊन बसलीस. मी तर मूठभर टाकताना क्षणभरही थांबले नव्हते.

सुनेला माहेरी धाडलं. पोटातलं बाळ हलत नाही म्हणत होती. डॉक्टरीण म्हणाली ठोके आहेत, पुढचं बघू. मुलगा माझ्याशी बोलत नाही.

पहाटेपासून मी ओढ्यावर उभी असते. येईल तिला सांगते, हे पाणी मेलेलं आहे, मीच खोटे किडे टाकले. पहिल्या दिवशी शेजारणीने सगळ्यांदेखत शिव्या घातल्या, थुंकली. मी म्हटलं, थुंक, पण पाणी नेऊ नकोस. तिने विचारलं, मग काय नेऊ? ती भरून गेली. तिच्यामागून बाकीच्याही. काल तिच्या धाकट्याला उलट्या झाल्या. आज तिने तिथूनच भरलं.

तू इकडे ये. दोघी उभ्या राहू.
ताई